सायकल ट्रॅकवर चालणाऱ्यांना बेल मारायची की नाही? (पुणे)

गिअरवाला_कात्रज:
रोज कात्रजवरून स्वारगेटकडे सायकलने ऑफिसला जातो. साधी गिअरची सायकल आहे, रेसिंग वगैरे काही नाही, घाटावरचा हिरो बनायची हौस नाही. तर विषय असा की ट्रॅक आहे म्हणून ट्रॅकवरून जावं तर सकाळी तिथे वॉकवाले काका-काकू, तिघंचौघं ओळीने, मधल्याच्या कानात इयरफोन. बेल वाजवली की एक डावीकडे सरकतो, एक उजवीकडे, आणि मधला जागेवर थांबून वळून बघतो. परवा एकांनी तर ऐकवलंच, "घंटी कसली वाजवतोस, बापाचा रस्ता आहे का". मग खाली मेन रोडवर उतरलो की मागून हॉर्न सुरू, आणि खिडकीतून डोकं काढून "ट्रॅक दिलाय ना तुम्हाला, मग इकडं कशाला येता". म्हणजे नेमकं जायचं कुठून? ट्रॅकवर माणूस चालत असेल तर पहिला हक्क कोणाचा? आणि तुम्ही लोक बेल मारता, ओरडता की गपचूप बाजूने काढता?

मनीषा_पायी:
दादा मी त्या चालणाऱ्यांपैकीच, म्हणून सांगते, हौसेने नाही येत हो कोणी ट्रॅकवर. फूटपाथवर एकदा चालून बघा. दर सोसायटीच्या गेटपाशी खाली उतरा परत वर चढा, मधे डीपीचा डबा, पुढे वडापावची गाडी, त्याच्यापुढे कोणाची तरी आडवी लावलेली ॲक्टिव्हा. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला ते चढउतार जमतच नाहीत, ट्रॅक सपाट आहे म्हणून ती त्यावरून चालते. तिला काय सांगू, की सायकलवाल्यांचा आहे म्हणून घरी बस?

बेलचं म्हणाल तर वाजवा, पण लांबून आणि एकदाच. पाठीला येऊन टणटण केलं की माणूस दचकतो आणि नेमका तुमच्याच चाकापुढे येतो. तरी बेलवाले परवडले. जंगली महाराज रोडच्या रुंद फूटपाथवर काही शहाणे आवाज न करता खांद्याला वारा लावून जातात ना, त्यांची जास्त भीती वाटते. आणि ते इयरफोनचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कलमवाला:
नियमाचं विचारलंयस म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात सायकल हे मोटार वाहनच नाही. त्यामुळे लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, आणि म्हणून सायकलवाला आणि चालणारा यांच्यात पहिला कोण यावर तो कायदा फारसं बोलतही नाही. जे स्पष्ट आहे ते गाड्यांबद्दल. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये सरळ लिहिलंय की फूटपाथ आणि सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवायचंही नाही आणि उभंही करायचं नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगला गाडीवाल्याने थांबून चालणाऱ्याला जाऊ द्यायचं, हेही त्यातच आहे. हसू नका, खरंच आहे.

आता गंमत बघ. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किमीच्या आत वेग असेल तर ती इलेक्ट्रिक गाडी कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत. त्यामुळे डिलिव्हरीवाली पोरं जी बिननंबरच्या ई-स्कूटरवर ट्रॅकमधून सुसाट जातात त्यांना अडवलं की ते हेच सांगतात, आणि त्यातल्या किती गाड्या खरंच २५ ला थांबतात ते तू रोज बघतच असशील. तुझं भांडण काकांशी लागतंय पण ट्रॅक अडवलाय दुसऱ्यांनीच, आधी पार्किंगवाल्यांनी आणि आता या ई-स्कूटरवाल्यांनी.

पिवळी_पाटी:
मी आधी रिक्षा चालवायचो आता कॅब. सगळे ड्रायव्हरलाच शिव्या घालतात तर आमची पण बाजू ऐका. रात्री मार्केट यार्डाच्या साईडला उलट्या दिशेने येणारे सायकलवाले, मागं लाईट नाही पुढं लाईट नाही, कपडे काळे. समोरच्या गाडीचा फोकस डोळ्यात असताना ते दिसतच नाहीत राव, अगदी बॉनेटजवळ आल्यावर दिसतात. ते बिचारे कामावरून सुटलेले असतात, त्यांना मी काही बोलत नाही. पण रविवारी पहाटे दहा-दहा हजाराचे बूट घालून तिघं तिघं शेजारी गप्पा मारत सगळी लेन अडवून जातात त्यांना हॉर्न दिला तर हात वर करून दाखवतात.

अजून एक सांगतो, डावीकडे वळायचा इंडिकेटर दिलेला असताना डाव्या बाजूने पुढं घुसू नका. आरशात तुम्ही एक सेकंद असता आणि दुसऱ्या सेकंदाला नसता. माझं काय जाईल, तुमचा पाय जाईल. दाराचं पण तेच. रिक्षाला दारच नव्हतं म्हणून हा ताप नव्हता, आता पॅसेंजर फोनवर बोलत बोलत उजवीकडचं दार खाडकन उघडतात, मी पाय ब्रेकवर असतानाच ओरडतो डावीकडून उतरा डावीकडून. गाड्यांच्या रांगेच्या कडेने जाताना एक दार उघडेल एवढं अंतर सोडा आणि मग कोणी मागून हॉर्न मारला तर मारू द्या, आमच्यातलाच असेल.

सदाशिव७१:
"सायकलींचं पुणं" म्हणून हळहळणारे बरेच भेटतात, त्यात मी नाही. आमच्या वेळी सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, दरवर्षी कर भरून घ्यायचा. संध्याकाळी दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा, डबलसीट दिसलं की उतरवायचा. एवढं असूनही लक्ष्मी रोडवर सायकलवाले बायामाणसांना धडकायचेच, आणि धडकून वर "बघून चालता येत नाही का" म्हणायचे. फरक इतकाच की पडणारा उठून कपडे झटकायचा, कारण सगळ्यांचा वेग सारखाच बेताचा.

ट्रॅकचंही सांगतो. २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन आली, देशातली पहिली म्हणून फोटोबिटो. त्याच सुमारास हे ट्रॅक पाहिले. बस मधे, गाड्या तिच्या बाजूला, आणि उरलं ते कडेला सायकल आणि पायी चालणाऱ्यांना मिळून. २०१७ ला पालिकेने मोठा सायकल आराखडा मंजूर केला, ॲपवरच्या सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत गेल्या पण. उरलेल्या पट्टीवरून भांडताय तुम्ही दोघं. भांडा.

आइंडहोव्हनकर:
मूळचा सिंहगड रोडचा, आता नेदरलँड्समध्ये. इथली उदाहरणं दिली की लोक चिडतात, तरी प्रश्नाला धरून दोन गोष्टी. इथला नियम असा की फूटपाथ असेल तर चालणाऱ्याने फूटपाथवर, फूटपाथ नसेल तर त्याने सायकल ट्रॅकवरून चालायचं, तो त्याचा हक्क आहे आणि सायकलवाल्याने सांभाळून जायचं. म्हणजे मनीषाताईंच्या आई इथे असत्या तर नियमातच बसल्या असत्या, कारण त्यांनी वर्णन केलंय त्याला फूटपाथ म्हणायचं धाडस इथे कोणी करणार नाही.

दुसरं, गाडी आणि सायकल यांची टक्कर झाली की नुकसानभरपाईची जबाबदारी बहुतेक वेळा गाडीवाल्यावर, आणि सायकलवर १४ वर्षांच्या आतलं पोर असेल तर जवळपास पूर्णच, पोराची चूक असली तरी. त्यामुळे वळताना ड्रायव्हर मान पूर्ण फिरवून बघतो. प्रेमाने नाही, खिशाच्या भीतीने.

बाकी इथे स्वर्ग नाही. ॲमस्टरडॅममध्ये छोट्या स्कूटर सायकल ट्रॅकवरून जायच्या, लोकांनी इतकी बोंब मारली की २०१९ मध्ये त्यांना रस्त्यावर उतरवलं, हेल्मेट घालून. आता जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलींवरून तेच चाललंय. पिवळी_पाटी भाऊ, दार त्याच्यापासून लांबच्या हाताने उघडायला शिकवतात इकडे, म्हणजे अंग आपोआप मागे वळतं. पॅसेंजरला सांगून बघा.

पिवळी_पाटी:
लांबच्या हातात मोबाईल असतो त्यांच्या 😄

गिअरवाला_कात्रज:
धन्यवाद मंडळी. मनीषाताई, आईंना माझा नमस्कार सांगा, फूटपाथचं मी त्या नजरेने बघितलं नव्हतं. कलमवाला म्हणतात तसं ई-स्कूटरवाले रोज भेटतात पण ते थांबत नाहीत म्हणून त्यांच्याशी भांडण होत नाही आणि काका थांबतात म्हणून होतं, हेही तितकंच खरं. पण मग रोजचं काय करायचं? माझा वेग साधारण १८-२० असतो.

कलमवाला:
१८-२० ने ट्रॅकवरून जायचंच नाही गर्दीच्या वेळी. चालणारा ताशी ५ ने जातो, तू त्याच्या चौपट. ट्रॅक रिकामा असेल तिथे जा, माणसं दिसली की १० वर ये, आणि घाई असेल त्या दिवशी सरळ मेन रोड घे, लेनच्या अगदी कडेला चिकटून नको, थोडा आत. कडेला चिकटलास की मागचा तुला धरून कट मारतो. "ट्रॅक दिलाय ना" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नको, सिग्नलला तो परत तुझ्या शेजारीच येणार आहे.

मनीषा_पायी:
आणि ती इलेक्ट्रिक पोंपों घेऊ नका हो प्लीज. साधी बेल लावा, अंगठ्याने ट्रिंग करायची. हॉर्न ऐकला की वाटतं मागून गाडीच आली, मग आई फूटपाथवर चढायला बघते आणि तिथेच अडखळते.

सदाशिव७१:
साधी घंटी पावसाळ्यात गंजून मुकी होते. दर महिन्याला तेलाचा थेंब टाक.

पिवळी_पाटी:
घंटी राहू दे, मागं लाल लाईट लाव आधी. दिवसा पण चालू ठेव.