पोलिसांपुढची कबुली: कलम 23 चं परंतुक विसरू नका

‘पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालतच नाही’ असं सर्रास म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम 23 लाच परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, आहे (जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 27). कोठडीतला आरोपी म्हणाला, ‘याच चाकूने वार केला, चाकू कळवा पुलाखाली टाकलाय, काढून देतो’ आणि चाकू तिथे मिळाला, तर ‘टाकलाय, काढून देतो’ एवढंच पुराव्यात येतं. ‘वार केला’ गळतं. म्हणून निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीचं हे बोलणं पंचांसमोर लिहून घेतलेला कागद, शब्दन् शब्द वाचा. निवेदनाची वेळ जप्तीच्या आधीची आहे ना? जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती का? पंच नेहमीचेच तर नाहीत? जप्ती बहुधा इथेच ढिली पडते.

मोक्का (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला असेल तर मात्र गणितच वेगळं. त्याच्या कलम 18 खाली किमान अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची, म्हणजे ठाणे-नवी मुंबईत उपायुक्तांपुढची कबुलीही चालते.