वारीसाठी डीएसएलआर सोडून डिजिटल रेंजफाइंडर घ्यावा का?

सासवडकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे निकॉन डी७५० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) आहे, सोबत २४-७० आणि ७०-२०० एमएमच्या झूम लेन्स, दोन्ही एफ २.८. पोटापाण्यासाठी लग्नाची कामं करतो आणि आषाढात माउलींच्या पालखीबरोबर चालत स्वतःसाठी फोटो काढतो. २४-७० लावलेला कॅमेरा वर उचलला की समोरचा माणूस बदलतो. टाळ थांबतो, पदर सावरला जातो, कुणी हात जोडून उभं राहतं. दिवे घाट चढेपर्यंत खांदा भरून येतो ते वेगळंच.

सेकंडहँड लायका एम९ किंवा एम २४० (दोन्ही डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीत दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचे कॅमेरे) आणि एकच ३५ एमएम लेन्स, असं डोक्यात आहे. डीएसएलआर विकल्याशिवाय पैसे उभे राहणार नाहीत. मला मायनस चारचा चष्मा आहे आणि मॅन्युअल फोकसची सवय नाही. ज्यांनी असा बदल केला आहे त्यांनी सविस्तर सांगावं.

शनिवारपेठ

सासवडकर, मी निकॉनच्याच डी७०० वरून आलो. आता रोजचा कॅमेरा एम २४०, त्यावर फोइग्टलेंडरची ३५ एफ २.५.

कॅमेरा लहान झाला की माणसं सावध व्हायची थांबतील, या आशेवर मात्र घेऊ नका. ३५ एमएमने चेहरा टिपायचा तर जवळ जावंच लागतं, आणि तिथून कुठलाही कॅमेरा दिसतो. फरक पडतो तो कॅमेरा डोळ्याला किती वेळ लागून राहतो यात. रेंजफाइंडरच्या लेन्सवर अंतराचे आकडे आणि डेप्थच्या (कुठून कुठपर्यंतचं स्पष्ट येईल त्याच्या) खुणा छापलेल्या असतात. ३५ एमएम, एफ ८, फोकस तीन मीटरवर ठेवला तर साधारण दोन ते सात मीटरपर्यंतचं चालून जातं. हा हिशेब फिल्मच्या काळातला. २४ मेगापिक्सेलवरून मोठी प्रिंट काढणार असाल तर सव्वादोन ते सव्वाचार मीटर धरा. एवढं ठरवून चालत राहायचं, माणूस त्या टप्प्यात आला की कॅमेरा वर, क्लिक, खाली. पदर सावरायला वेळच मिळत नाही.

यापेक्षा जवळचं असेल तर डाव्या बोटाखालचा टॅब, म्हणजे लेन्सचा फोकस फिरवायचा छोटा खुंट. माझ्या लेन्सवर तो सरळ खाली आला की फोकस सव्वा मीटरच्या आसपास असतो. हे बोटाला पाठ झालं की डोळा फक्त खातरजमा करतो. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो. त्यात दुसरी प्रतिमा दिसते, टॅब फिरवला की ती आडवी सरकते आणि दोन्ही जुळल्या की फोकस लागला. प्रतिमा आडवी सरकते म्हणून पकडायची ती उभी रेघ. वारकऱ्याच्या कपाळावरची गोपीचंदनाची उभी रेघ याला इतकी चोख बसते की गर्दीतही क्षणात फोकस लागतो. पताकेची काठीही चालते. एकसारख्या उभ्या गजांची खिडकी मात्र फसवते, एका गजाची प्रतिमा शेजारच्या गजावर जाऊन बसते.

मला हा कॅमेरा आवडतो तो त्याच्या खिडकीमुळे, म्हणजे व्ह्यूफाइंडरमुळे. इथे आपण लेन्समधून बघत नाही, त्यामुळे फ्रेमलाइनच्या (फोटोची चौकट दाखवणाऱ्या उजळ रेघांच्या) बाहेरचंही दिसतं. वीणेकरी अजून चौकटीत आलेला नसतो, पण येताना दिसतो. आरसा नाही, म्हणून शटर पडतानाही समोरचं दिसत राहतं. त्या क्षणी कुणाचे डोळे मिटले तर ते तिथेच कळतं. उलट मागचं किती धूसर होणार हे खिडकीत दिसत नाही, तिथे सगळंच स्पष्ट असतं. लेन्सवर टोपी राहिली तरीही! म्हणून मी टोपी वापरत नाही, हूड लावतो. आणि फ्रेमलाइन अंदाजे असतात, लांबच्या दृश्यात चौकटीपेक्षा जास्त येतं.

एक्स्पोजरकडे लक्ष ठेवा. पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्यांनी चौकट भरली की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळं करडं करून ठेवतो. आभाळ स्थिर असेल तर एक्स्पोजर हाताने ठरवा आणि विसरून जा.

रिंगणाला हा कॅमेरा नको. चांदोबाच्या लिंबाला अश्व धावतो तेव्हा ७०-२०० ला पर्याय नाही. ९० एमएमची फ्रेमलाइन खिडकीत इवलीशी दिसते आणि त्यापुढची लेन्स म्हणजे नुसती कसरत.

लग्नसराई

धंद्याचं बोलतो. डी७५० ला दोन कार्डं लागतात, एम २४० ला एक. लग्नाचं एकुलतं एक कार्ड गेलं तर नवरीच्या बापाला काय सांगणार? फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, १/१८० सेकंदाला अडतं. बहुतेक लेन्स ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाहीत, मग मेंदी आणि मंगळसूत्राचे क्लोजअप कशाने काढणार? डी७५० आणि ७०-२०० ठेवा. विकायचंच असेल तर २४-७० विका आणि लग्नाला ३५ व ८५ च्या साध्या एफ १.८ लेन्स लावा. मी हेच करतो, गिऱ्हाईक खूश आहे.

रत्नागिरीची_ताई

एम९ च्या वाट्याला सांभाळून जा. त्याच्या कोडॅक सीसीडी सेन्सरवरची काच गंजते, हा जगभर माहीत असलेला दोष आहे. लायकाने बरीच वर्षं सेन्सर फुकट बदलून दिले, ती सोय आता बंद आहे. विकत घेताना एफ १६ वर पांढऱ्या आभाळाचा फोटो काढा आणि शंभर टक्के मोठा करून बघा. धूळ साफ होते. कडेला वलय असलेले ठिपके मात्र जात नाहीत, तसे दिसले तर सरळ नको म्हणा.

स्वस्त मिळतो म्हणून एम८ कडेही वळू नका. तो इन्फ्रारेडला जास्त संवेदनशील आहे, काळं सिंथेटिक कापड जांभळट येतं. पावसातल्या वारीत काळ्या छत्र्या किती असतात ते तुम्हीच बघा. प्रत्येक लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावावा लागतो.

एम माउंट (या कॅमेऱ्यांना लेन्स बसते तो जोड) १९५४ पासून तोच असल्याने जुन्या लेन्स पुष्कळ मिळतात, पण आपल्या दमट हवेत बुरशी ठरलेली. लेन्समधून टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी माझ्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवते. बॉडी तपासताना लेन्स अनंतावर लावून लांबचा मोबाइल टॉवर बघा. दोन प्रतिमा तंतोतंत बसल्या नाहीत तर रेंजफाइंडर हललेला आहे, जुळवून घ्यावा लागेल.

सासवडकर

ताई, लग्नसराई, मनापासून आभार. २४-७० विकायचं पक्कं केलं. शनिवारपेठ दादा, चष्मा आणि पाऊस यांचं काय?

शनिवारपेठ

मलाही चष्मा आहे. एम २४० ची खिडकी ०.६८ पटीची, म्हणजे समोरचं तेवढं लहान दिसतं. चष्म्यातून ५० ची चौकट आरामात दिसते, ३५ च्या कडा डोळा थोडा फिरवून दिसतात, २८ ची विसरा. आयपीसला लावायची लायकाची करेक्शन लेन्स मायनस तीनपर्यंतच मिळते, त्यामुळे तुम्हाला चष्मा लावूनच बघावं लागेल.

एम २४० ला रबरी सील आहेत, पण एमच्या लेन्सना माउंटपाशी सील नसतं. रिमझिमीत मी पंचा टाकून काढतो, मुसळधार पाऊस आला की कॅमेरा पिशवीत. भर पावसातलेच फोटो हवे असतील तर फुजीचा एक्स-प्रो२ कॅमेरा आणि २३ एमएम एफ २ लेन्स जास्त योग्य. दोन्हीला सील आहेत, ऑटोफोकस आहे, बाजूची खिडकीही आहे. दोन प्रतिमा जुळवायचं काम मात्र त्यात नाही, आणि मला तेच हवं असतं.

पैसे मोडण्याआधी एकदा पुण्याला या. माझा एम २४० घेऊन संध्याकाळभर मंडईत फिरा. तुमचं एसडी कार्ड घेऊन या आणि चष्मा रोजचाच लावा.