मदत हवी आहे: मोठा ऑटिस्टिक, धाकटीचा एमएमआरचा दुसरा डोस शनिवारी

मोठा सहा वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. धाकटी पंधरा महिन्यांची. शनिवारी तिचा एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दुसरा डोस आणि घरात त्यावरून अबोला चाललाय.

मोठ्याला सोळाव्या महिन्यात लस दिली, त्या रात्री सणकून ताप भरला. पुढच्या दोनेक महिन्यांत 'काऊ', 'बाबा', 'दे' एवढे तीन शब्द यायचे, तेही गेले. निदान व्हायला तो साडेतीन वर्षांचा व्हावा लागला, पण सासूबाईंच्या लेखी सगळं त्या रात्रीच झालं. "एकाचं वाटोळं झालं ते पुरे नाही का?" हे त्या वरणाला फोडणी देता देता म्हणतात. तो तिथेच बसून डब्यांची झाकणं फिरवत असतो. त्याला काही कळत नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

वाचन माझं झालंय. 1998 मध्ये वेकफिल्ड या डॉक्टरचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, एमएमआरचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा तो निबंध अवघ्या 12 मुलांवरचा होता. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला, त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. पाऱ्याचं म्हणाल तर एमएमआरमध्ये थायमेरोसल, म्हणजे लस टिकवायला घालतात ते पारा असलेलं रसायन, नसतंच. हे सगळं मी नवऱ्याला घडाघडा म्हणून दाखवते. आणि रात्री धाकटीला हाक मारते. ती वळून बघते. मी पुन्हा मारते.

ज्यांचं पहिलं मूल ऑटिस्टिक आहे त्यांनी दुसऱ्याच्या वेळी मन कसं घट्ट केलं? आणि मोठ्याचा पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर राहिलाय, त्याचं काय करू? मागच्या वेळी चौघांनी दाबून धरलं होतं. तेव्हापासून दवाखान्याचा जिना दिसला तरी लोळण घेतो.

प्रतिसाद १

ताई, तुमच्यासारख्या घरांचाच अभ्यास झालाय. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलं पाहिली, 2019 मध्ये तो छापून आला. ज्यांच्या भावंडांना ऑटिझम आहे अशी मुलं त्यांनी वेगळी काढून तपासली. एमएमआर घेतलेल्यांत ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हतं. खरं सांगते, धाकट्या भावंडाला ऑटिझमचा धोका जास्त असतोच, पण तो घराण्यातून येतो, सुईतून नाही. तेव्हा तिच्या विकासाकडे डोळे उघडे ठेवा, त्यासाठी लस थांबवू नका. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, गोवंडीत लेकरं गेली. ते मी जवळून पाहिलंय.

मोठ्याचा पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे का? असेल तर एकदा नीट बघा.

प्रतिसाद २

आमच्याकडचा अनुभव: सकाळचा पहिला नंबर घ्यायचा, म्हणजे बाहेर ताटकळणं नाही. जागा बधिर करणारं मलम तासभर आधी लावायचं, डॉक्टरांना विचारून. कानाला हेडफोन. आधी दोन-तीन दिवस नुसतं जिना चढून उतरून यायचं, सुई नाही, काही नाही. तुमच्या मांडीवर बसवून तुम्हीच धरा, परक्या हातांना तो जास्त बिथरतो. सात पूर्ण व्हायच्या आत उरका, नंतर डीपीटी देत नाहीत, वेगळी लस द्यावी लागते.

मूळ लेखिका

व्हिडिओ सापडला. सोळाव्या महिन्याच्या चार महिने आधीचा. सासूबाई औक्षण करताहेत, हे कॅमेऱ्यामागून चार वेळा नाव घेऊन हाक मारतात. तो एकदाही बघत नाही, निरांजनाच्या ज्योतीवरून नजर हलत नाही. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, "ध्यानस्थ बसलाय" म्हणून.

सासूबाईंना दाखवला. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "नवव्या महिन्याची सुई होतीच की त्याआधी."

शनिवारी हे नेताहेत धाकटीला. मी मोठ्याला घेऊन त्याच वेळी जिना चढून उतरून येईन म्हणते. ते मलम वजनाप्रमाणे लावायचं असतं का? तो एकवीस किलोचा आहे.