झेनर तपासताना टेस्टरचा एलईडी दोन्हीकडून पेटतो. टेस्टर कसा सुधारू?

डबीतला टेस्टर
माझा टेस्टर साबणाच्या डबीत बसवलाय. १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, कपॅसिटर, मग १ किलोओहम आणि लाल एलईडी, पुढे दोन प्रोब. प्रोब मोकळे असताना कपॅसिटरवर १८ व्होल्ट भरतात. डायोड एका बाजूने पेटला नि उलटा केल्यावर विझला की चांगला, दोन्हीकडून पेटला की शॉर्ट. या एका नियमावर आजवर निभावलं.

गेल्या आठवड्यात जुन्या बोर्डांवरून काढलेले सात झेनर घेऊन बसलो. सहा दोन्हीकडून पेटले. गेले म्हणून टाकून दिले. रात्री अंथरुणावर पडल्यावर ट्यूब पेटली. अरे, झेनर हा ठरलेल्या व्होल्टेजच्या पुढे उलटा चालणारा डायोड, त्याचं कामच ते! सकाळी कचऱ्याचा डबा उपडा केला आणि तारांच्या सालींतून एकेक वेचून काढला. सातव्याला मी शहाणा समजत होतो, तो नुसता २४ व्होल्टचा होता. माझ्या १८ व्होल्टना दाद देणार कसा?

मल्टिमीटरच्या डायोड मोडचा उपयोग नाही, त्याच्या प्रोबवर तीनेक व्होल्टच येतात. मला ३३ पर्यंतचे झेनर मोजायचेत. व्होल्टेज डबलर करून ३६ व्होल्ट काढावेत म्हणतो. पण एवढ्याशा काचेच्या डायोडवर ते सोडायला हात धजत नाही. १ किलोओहम पुरेल का?

गेज२२
जळतो तो व्होल्टेजने नाही, वॉटेजने. पुरवठा नि रेझिस्टर ठरलेला असला की झेनरवर जास्तीत जास्त पॉवर कधी पडते? त्याचं व्होल्टेज पुरवठ्याच्या बरोबर निम्मं असताना. ३६ व्होल्ट आणि १ किलोओहम धरा (एलईडी सोडून देऊ). १८ चा झेनर लावला की १८ मिलिअँप, म्हणजे ३२४ मिलिवॉट. ४०० मिलिवॉटवाला मरणार नाही, पण तापेल आणि वाचन सरकत राहील. ६.८ किलोओहम घातलात तर पॉवर ४८ मिलिवॉटच्या वर जातच नाही. एलईडी काढा, झेनरच्या दोन टोकांवर मीटर लावा, झालं.

एकदाच_सांगतो
इतका उपद्व्याप कशाला? सिरीज बल्बच्या बोर्डावर एक डायोड, मोठा रेझिस्टर, थेट मेन्समधून. माझं तसंच चालतं.

जुना_रेडिओ
वरच्या भाऊंचं ऐकू नका. प्रोब आपण बोटांनी धरतो. तुमच्या टेस्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर प्रोबना मेन्सपासून वेगळं ठेवतो म्हणून आत्तापर्यंत निभावलं, तो जागचा हलवायचा नाही.

६.८ किलोओहमने झेनर वाचतो खरा, पण ३३ च्या झेनरला जेमतेम अर्धा मिलिअँप मिळतो आणि ५ च्याला साडेचार. दोघांना एकाच तागडीत कसं तोलणार? करंट ठरलेला हवा. बीसी ५५७ ट्रान्झिस्टर घ्या. एमिटर २२० ओहममधून प्लसला. तुमचा तो लाल एलईडी प्लस आणि बेसच्या मध्ये, अॅनोड प्लसकडे. बेसवरून १० किलोओहम मायनसला. कलेक्टर म्हणजे लाल प्रोब, मायनस म्हणजे काळा. एलईडीवर १.८ पडतात, त्यातून बेस-एमिटरचे ०.६५ गेले, उरलेले १.१५ भागिले २२०, म्हणजे ५ मिलिअँपच्या थोडं वर. प्रोब एकमेकांना चिकटले तरी तेवढाच.

डबलरसाठी ब्रिज उखडू नका. ट्रान्सफॉर्मरची एक वायर ब्रिजवरून सोडवा आणि एकापुढे एक जोडलेल्या दोन कपॅसिटरच्या मधल्या सांध्याला लावा. कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्या. तो १० किलोओहम स्विच बंद केल्यावर कपॅसिटर रिकामेही करतो, फक्त अर्धा मिनिट दम धरा.

झेनरची पट्टीची बाजू लाल प्रोबला. ०.७ आलं तर उलटा लावलाय, शून्य आलं तर शॉर्ट. पस्तीसच्या पुढे दाखवलं तर एक तर तुटलाय, नाहीतर तुमच्या पुरवठ्याहून मोठा आहे.

गेज२२
काका, हे बेस्ट. १ वॉटवाल्यांसाठी २२० ला समांतर ६८ ओहम, पुश बटणावर? २२ मिलिअँप होतील.

जुना_रेडिओ
करा, पण मग बीसी ५५७ नको. ५ चा झेनर लावून बटण दाबलं की ट्रान्झिस्टरवर ३० व्होल्ट नि २२ मिलिअँप, ६६० मिलिवॉट. त्याची मर्यादा ५००. बीडी १४० टाका. आणि ३३ चा काचेचा झेनर असताना बटणाला हात नको, त्याच्यावर सातशेच्या वर मिलिवॉट पडतात.

डबीतला टेस्टर
केलं. बीडी १४० सकट. डबीचं झाकण आता लागत नाही, रबरबँड लावलाय.

कचऱ्यातल्या सहापैकी पाच धडधाकट: ५.१ चे दोन, १२ चे दोन, एक १५ चा. सहावा खरंच शॉर्ट, त्याच्यापुरता माझा नियम बरोबर होता! २४ वाला २३.८ दाखवतो. चिमटीत धरला की आकडा हळूहळू वर चढतो, फुंकर मारली की खाली येतो. दहा मिनिटं तेच करत बसलो होतो.

एकच अडलंय. ड्रॉवरमधला वन-एन ४७२८ए, ३.३ व्होल्टचा, कोराच आहे, पण २.६ दाखवतो. खराब?

जुना_रेडिओ
चांगला आहे. त्याचे ३.३ हे ७६ मिलिअँपला मोजलेले असतात, तुम्ही ५ देताय. कमी व्होल्टेजच्या झेनरचा गुडघा, म्हणजे तो उलटा चालू लागतो तिथलं आलेखातलं वळण, गोलसर असतो, करंट कमी की व्होल्टेजही कमी. बटण दाबून बघा, वर सरकेल. आणि याला चिमटीत धरलंत तर आकडा उलटा, खाली जाईल.

डबीतला टेस्टर
गेला खाली! आता आणखी दहा मिनिटं गेली.