मदत हवी आहे: एक्स प्रथिनातला फरक जीनोटाइपचा की कॅन्सरचा?

नमस्कार मंडळी. नांदेडला एमएस्सी बायोटेकच्या प्रोजेक्टसाठी हिपॅटायटिस बी विषाणूच्या एक्स प्रथिनाची (१५४ अमिनो आम्लं) तुलना करतेय: एकीकडे यकृताच्या कॅन्सरचे रुग्ण, दुसरीकडे नुसता जुनाट संसर्ग असलेले. आपल्याकडे या विषाणूचे मुख्यतः डी आणि ए जीनोटाइप (जनुकीय उपप्रकार) सापडतात, म्हणून तेवढेच घेतलेत.

जेनबँक या सार्वजनिक जनुक-संग्रहातले सिक्वेन्स एक्स जीनपुरते कापून मॅफ्ट या सॉफ्टवेअरने अलाइन केले (एकाखाली एक जुळवले). जीनोटाइप नोंदीवर न विसंबता सिक्वेन्सचा वंशवृक्ष (ट्री) काढून तपासला. एका रुग्णाचे अनेक क्लोन (त्याच्याच विषाणूचे वेगवेगळे सिक्वेन्स) होते तिथे एकच ठेवला. विषाणूच्या डीएनएतल्या १७६२/१७६४ या जागांचं जोड-म्युटेशन, म्हणजे प्रथिनात के१३०एम आणि व्ही१३१आय (१३०व्या आणि १३१व्या जागी अमिनो आम्ल बदलणं), दिसतंय. ते अपेक्षितच होतं. घोळ बाकीच्या जागांचा. माझ्या कॅन्सर गटात ए जास्त, दुसऱ्यात डी जास्त, त्यामुळे जीनोटाइपचा मूळचाच फरक कॅन्सरमुळे आल्यासारखा वाटतो. बऱ्याच नोंदींत वय नाही, ई-अँटिजेन (विषाणू जोमाने वाढत असल्याची रक्तातली खूण) नाही. नवे नमुने मिळणार नाहीत; हाताशी लॅपटॉप आणि आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) एवढंच. सर म्हणतात, "दोन्ही जीनोटाइप एकत्र कर, संख्या वाढेल." मला काही ते पटत नाही.

तर इतक्या कमी सिक्वेन्सवर जीनोटाइपनिहाय मँटेल-हेन्झेल चाचणी (प्रत्येक जीनोटाइपची तुलना वेगळी करून मग निकाल जोडणारी) चालेल, की फक्त डीपुरती फिशर चाचणी (कमी संख्येवर चालणारी) लावून ए सोडून द्यावा?