नव्या लोकशाहीने आपले अधिकार युरोपीय संघाकडे सोपवावेत का?

घटनावाचक
मॉस्कोच्या पकडीतून १९८९ ला सुटलेल्या पोलंड-हंगेरीने २००४ मध्ये कितीतरी अधिकार युरोपीय संघाला दिले. माझ्या मते त्याची किंमत संसदांनी मोजली. प्रवेशाच्या वाटाघाटी म्हणायच्या, पण संघाचा ३१ प्रकरणांचा कायदा आधीच तयार. त्यातला मजकूर बदलत नाही, मागता येते ती फक्त मुदत. परदेशी लोकांच्या शेतजमीन खरेदीवर निर्बंध ठेवायला पोलंडला १२ वर्षं मिळाली, ती तशीच मुदत. सरकार कुणाचंही येवो, कायदा तोच राहणार असेल तर मतदाराने निवडायचं काय?

सीमारेषा
सहमत नाही. पोलंडच्या १९९७ च्या घटनेचं कलम ९० वाचा. ‘काही बाबींतले’ अधिकारच देता येतात, आणि त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं किंवा सार्वमत लागतं. जून २००३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदान झालं, ७७ टक्के होकार. निम्म्याहून कमी लोक आले असते तर तो कौल बंधनकारकच ठरला नसता. शिवाय मे २००५ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने घटनाच सर्वोच्च असल्याचं स्पष्ट केलं.

आणि स्लोव्हाकिया विसरू नका. पंतप्रधान मेचियार यांच्या सरकारच्या लोकशाहीला न शोभणाऱ्या कारभारामुळे १९९७ मध्ये त्यांना प्रवेश-वाटाघाटींच्या पहिल्या फळीतून वगळलं. १९९८ ला सरकार बदललं, २००० मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि २००४ ला ते बाकीच्यांबरोबरच आत आले.

घटनावाचक
पण तो दाराबाहेरचा दबाव. आत आल्यावर काय? संघाची मूल्यं मोडणाऱ्या सदस्यावर कारवाई करणारं संघाच्या करारातलं कलम ७ पोलंडवर डिसेंबर २०१७ मध्ये लावलं, हंगेरीवर सप्टेंबर २०१८ मध्ये. मताधिकार काढण्याच्या वाटेवर मात्र बाकी सगळ्या देशांचं एकमत लागतं, आणि हे दोघे एकमेकांची ढाल झाले. अधिकार गेले, पहारेकरी मिळालाच नाही.

हिशेबनीस
पहारा पैशाचा आहे. कायद्याचं राज्य न पाळणाऱ्या देशाचा संघाकडून मिळणारा निधी रोखणाऱ्या २०२१ पासूनच्या निधी-अटीच्या नियमाला एकमत नको. ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या पुरते. त्याखाली डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे सुमारे ६३० कोटी युरो अडकले. पोलंडला न्यायाधीशांवर शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयातल्या कक्षापायी ऑक्टोबर २०२१ पासून रोज १० लाख युरो दंड होता. त्यांनी तो भरला नाही, तेव्हा युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, तो पोलंडच्या निधीतूनच वळता केला. पुढच्या वर्षी तो कक्ष बरखास्त झाला.

घटनावाचक
कक्ष गेला, सरकार तेच राहिलं. ते बदललं ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलिश मतदारांनी, ७४ टक्के मतदान करून. कलम ७ ची कारवाई त्यानंतर, मे २०२४ मध्ये थांबली. म्हणून मला एस्टोनियाची पद्धत योग्य वाटते: संसदेच्या युरोप समितीने ठरवलेली भूमिका सरकारने पाळायची, न पाळल्यास त्याच समितीला कारण द्यायचं.

सीमारेषा
ही पद्धत मलाही मान्य. मोल्दोव्हाने तर ती प्रवेशाआधीच बसवावी. संघात जाण्याच्या प्रश्नावरच्या ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात तिथे होकार निघाला जेमतेम ५०.३५ टक्के. उरलेल्या निम्म्यांचा आवाज संसदेत पोचला नाही, तर तो रस्त्यावर येईल.