मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये इसाक भारी की ग्योकेरेस?

मंडळी, एवढं भांडण मिटवा की. बेळगावच्या लेले ग्राउंडवर मावसभावाशी पैज लागलीय, हरणाऱ्यानं अर्धा किलो कुंदा द्यायचा. हे दोघेही खेळाडू स्वीडनचे स्ट्रायकर (गोल करणारे), दोघांनीही २०२५ मध्ये क्लब बदलला. मावसभाऊ म्हणतो ग्योकेरेस भारी: स्पोर्टिंगकडून २०२४-२५ च्या पोर्तुगीज लीगमध्ये ३९ गोल, मग आर्सेनल. मी इसाकवाला. न्यूकॅसलकडून प्रीमियर लीगमध्ये २३, वर लीग कपच्या फायनलला लिव्हरपूललाच गोल घातला आणि पुढं त्याच लिव्हरपूलनं सुमारे साडेबारा कोटी पौंड मोजून त्याला नेलं! पण तिकडचे ३९ आणि इंग्लंडमधले २३ एका तराजूत कसे घालायचे? ३९ मध्ये पेनल्टीही बऱ्याच होत्या. गोल सोडून आणखी काय बघू? लवकर सांगा, रविवारी तो परत येणार आहे.